सोप्या शाळेची किंमत



एका शिक्षकाच्या स्मृत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलायचे, तर विषयही वर्गातलाच घ्यावा असे मला वाटले. आपल्या पालकसभांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येते: ‘डोके चांगले आहे हो, पण अभ्यास करत नाही.’ प्रगतिपुस्तकाच्या शेऱ्यात तेच जरा सभ्य भाषेत उतरते. चौथी-पाचवीपर्यंत वर्गात पहिले येणारे मूल आठवीत मधल्या बाकांवर सरकते, दहावीत कसेबसे नाव राखते आणि अकरावीच्या विज्ञान शाखेत पार कोसळते, तेव्हा घरचे आणि शाळा दोघेही या वाक्याचा आधार घेतात. त्या वाक्यात मुलाच्या स्वभावावर ठपका आहे, आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी ठेवला जातो असे माझे मत आहे. ज्या मुलाला शाळेच्या पहिल्या सात-आठ वर्षांत काही अडलेच नाही, त्याच्यावर अभ्यास कसा करतात हे शिकण्याची वेळच आलेली नसते. पुढे ज्याला आपण आळस म्हणतो तो या न शिकलेल्या गोष्टीचा परिणाम असतो. ती शिकवण्याची जबाबदारी मुलाची नव्हती.

न सुटलेल्या गणितापाशी बसून राहणे, कुठे चुकले ते मागे जाऊन शोधणे, एक वाट बंद झाली की दुसरी धरणे, आज कळले नाही ते उद्यावर ठेवून झोपणे आणि उद्या खरोखरच पुन्हा हातात घेणे, ही सारी कमावलेली कौशल्ये आहेत. ती अडल्याशिवाय येत नाहीत. तालमीत एखाद्या पोराला रोज त्याच्याहून हलका जोडीदार दिला, तर ते रोज जिंकेल आणि एकही डाव शिकणार नाही. वर्गात नेमके हेच घडते. गुरुजी एक पद्धत चार वेळा समजावून सांगतात, कारण चाळीस मुलांतल्या बहुतेकांना त्याची गरज असते. ज्याला ती पहिल्याच वेळी कळली, त्याच्यासाठी उरलेल्या तीन वेळा म्हणजे खिडकीबाहेर पाहण्याचा वेळ. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात काम करणाऱ्या लेटा हॉलिंगवर्थ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा मुलांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. १४० च्या आसपास बुद्ध्यंक असलेल्या मुलाचा सामान्य प्राथमिक शाळेतला निम्मा वेळ वाया जातो, आणि १७० च्या वर असलेल्याचा जवळजवळ सगळाच, असा त्यांचा निष्कर्ष होता. बुद्ध्यंक या मापाविषयी आज आपण अधिक सावध आहोत, आणि ते योग्यच आहे. पण वाया जाणाऱ्या वेळेविषयीचे हे निरीक्षण कोणत्याही शिक्षकाला आपल्या वर्गात पडताळून पाहता येईल. हा वेळ नुसता रिकामा जात नाही, त्यात सवय घडत असते. लक्ष न देताही भागते, ही ती सवय.

हे नुसते अनुमान नाही, याला आधार देणारा एक मोठा आणि जुना अभ्यास आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातले लुईस टर्मन यांनी १९२१ साली कॅलिफोर्नियातली उच्च बुद्ध्यंकाची मुले निवडायला सुरुवात केली. दीड हजारांच्या आसपास मुले त्यांनी घेतली आणि त्यांच्या आयुष्याचा माग पुढे कित्येक दशके ठेवला गेला. यांतले मुलगे मोठे झाल्यावर त्यांच्यातले सर्वांत यशस्वी १५० आणि सर्वांत कमी यशस्वी १५० असे दोन गट करून त्यांची जुनी कागदपत्रे काढण्यात आली. बुद्धीच्या चाचणीत दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. प्राथमिक शाळेतली प्रगतीही जवळपास सारखीच होती. माध्यमिक शाळेत गेल्यावर मात्र दोन्ही गट एकमेकांपासून दूर जाऊ लागले, आणि महाविद्यालयात अंतर आणखी रुंदावले. फरक होता तो चिकाटीत, ध्येयाच्या दिशेने काम रेटत नेण्यात आणि आत्मविश्वासात. घरच्या परिस्थितीतही तफावत होती, कारण यशस्वी गटात वडील पदवीधर असण्याचे प्रमाण कितीतरी अधिक होते. टर्मन यांच्या कामात उणिवा होत्या, हेही सांगितले पाहिजे. यशाचे माप मुख्यतः हुद्द्याचे होते, मुलांची निवड बरीचशी शिक्षकांच्या शिफारशीवर झाली, आणि पुढे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळवणारे विल्यम शॉक्ली व लुई अल्वारेझ हे दोघे लहानपणी त्या चाचणीत निवडलेच गेले नाहीत. तरीही माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर फाटे फुटतात ही नोंद मला मोलाची वाटते. तिथवर सगळ्यांचे बुद्धीवर भागते. ज्याच्याजवळ चिकाटीची शिदोरी असते तो पुढे चालतो, आणि ही शिदोरी शाळेने बांधून दिलेली नसेल तर ती घरूनच यावी लागते.

आपल्याकडे हा उंबरठा आठवीच्या आसपास येतो. तोवर गणितात मुख्यतः संख्या असतात, आता अक्षरांवर भर वाढतो. भूमितीत आकृती नुसती काढून चालत नाही, सिद्धता द्यावी लागते, आणि सिद्धता ऐकून कळली तरी स्वतः रचता येत नाही. आजवर कधी न अडलेल्या मुलाच्या हाती अडल्यावर काय करायचे याचे एकही साधन नसते. त्याला वाटते ते असे: मला हे येत नाही, म्हणजे मी हुशार नव्हतोच. हा निष्कर्ष त्याच्या मनात कोण पेरते? आपण पेरतो. ‘किती हुशार आहे ग माझं बाळ’ हे कौतुक प्रेमाचे असते, पण त्यात कष्ट न घेता जमणे हीच बुद्धीची खूण ठरते. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरॉल ड्वेक यांनी १९९८ साली पाचवीच्या वयाच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काही कोडी सोडवल्यावर काही मुलांच्या बुद्धीचे कौतुक केले, काहींच्या मेहनतीचे. बुद्धीचे कौतुक झालेली मुले पुढे सोपी कोडी निवडण्याकडे अधिक झुकली, अवघड कोड्यांत अपयश आल्यावर त्यांची कामगिरी घसरली, आणि आपले गुण दुसऱ्यांना कळवायचे तेव्हा त्यांतल्या जवळपास ४० टक्के मुलांनी ते वाढवून सांगितले. या संशोधनातून पुढे जी लाट आली, मुलांना तासाभराचा उपदेश केला की त्यांची मनोवृत्ती बदलेल असे मानणारी, तिचा प्रत्यक्ष परिणाम मोठ्या चाचण्यांत अगदी किरकोळ आढळला. मला त्याचे नवल वाटत नाही. सात वर्षांच्या अनुभवाने जे शिकवले ते तासाभराच्या बोलण्याने पुसले जाणार नाही. मुलाच्या हाती रोज पडणारे कामच बदलावे लागेल.

इथे कुणी विचारेल की आपल्याकडे नव्वद टक्क्यांवर गुण मिळवणारी मुले तर ढिगाने आहेत, मग हे अपयश आहे तरी कुठे? माझे उत्तर असे की ते त्या टक्क्यांखालीच झाकलेले आहे. स्वाध्यायातले प्रश्न, तेच गाईडात, तेच अपेक्षित प्रश्नसंचात आणि थोडे फिरवून तेच उत्तरपत्रिकेत, अशी साखळी आपण बांधली आहे. पाहिलेला नाही असा प्रश्न प्रश्नपत्रिकेत आला की ‘अभ्यासक्रमाबाहेरचा’ म्हणून तक्रार होते आणि गुण वाटले जातात. या व्यवस्थेत हुशार मूल स्मरणशक्तीवर दहावीचा टप्पा ओलांडते. बारावीच्या आणि प्रवेश परीक्षांच्या वेळी ते पहिल्यांदा खऱ्या अर्थाने अडते, तेव्हा त्याचे वय सतरा असते, घरच्यांनी क्लासचे लाखभर रुपये भरलेले असतात आणि अडणे शिकायला उसंत नसते.

इथवर मी सुस्थितीतल्या घरातल्या मुलाविषयी बोललो. तेवढ्यावर थांबलो तर माझे म्हणणे अर्धेच राहील, कारण महाराष्ट्रातली बहुसंख्य हुशार मुले त्या घरांत जन्मत नाहीत. वस्तीतल्या किंवा पाड्यावरच्या मुलाला अडचणींचा तुटवडा नसतो. त्याला पुस्तकाची भाषाच अडते. घरी बोलतात ती मराठी वेगळी, विज्ञानाच्या पुस्तकातली संस्कृतप्रचुर मराठी वेगळी. ते अडते आणि त्या क्षणी शेजारी कुणी नसते. मुंबईतल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने १९८० च्या दशकात वि. गो. कुलकर्णी आणि सुधाकर आगरकर यांच्या पुढाकाराने या प्रश्नाला थेट हात घातला. महापालिकेच्या शाळांतली अनुसूचित जातींमधली होतकरू मुले निवडली, माध्यमिक शाळेच्या वर्षांत त्यांना नियमित मार्गदर्शन दिले, आणि त्यात भाषेच्या अडचणीकडे विशेष लक्ष पुरवले. ही मुले शालान्त परीक्षेत त्यांच्या शाळांच्या नेहमीच्या निकालांच्या कितीतरी पुढे गेली. मुले तीच, घरे तीच, शाळाही तीच होती. बदलले होते ते एवढेच की अडल्यावर विचारायला माणूस मिळाले. या प्रयोगामुळे माझे म्हणणे मला नेमके मांडता येते. हुशार मुलाला आपल्या पट्टीची अडचण हवी आणि त्या अडचणीत सोबत हवी. सुखवस्तू मुलाला पहिली मिळत नाही, गरीब मुलाला दुसरी. दोघेही मागे पडतात, आणि प्रगतिपुस्तकात दोघांच्या नावापुढे एकच शेरा पडतो.

जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेची आपण कीव करतो. एका खोलीत दोन-दोन इयत्ता बसतात, आणि एका इयत्तेला शिकवताना दुसरी नुसतीच बसून राहते ही अडचण खरी आहे. पण त्या खोलीत दुसरीतल्या चलाख मुलीच्या कानावर तिसरीचा भागाकारही पडत असतो. कुणी न ठरवता तिला तिच्या पट्टीची अडचण मिळून जाते. शहरातल्या मोठ्या शाळेत, जिथे इयत्तेच्या चार-चार तुकड्या आणि बंद दारे आहेत, तिथे ही संधी नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप शास्त्रीय आहे आणि मला तो वजनदार वाटतो. कोणतीही चाचणी दोनदा घेतली तर पहिल्या वेळी फार वर गेलेली मुले दुसऱ्या वेळी सरासरीकडे थोडी खाली येतात. मापातच चूक असते, एखाद्याचा तो दिवस चांगला गेलेला असतो. म्हणजे ‘मागे पडलेल्या हुशार’ मुलांपैकी काही मुळात तितकी पुढे नव्हतीच. शिवाय आपले मूल हुशार असून शाळेमुळे मागे पडले, हे मानणे पालकांना सुखावते. दोन्ही गोष्टी मी मान्य करतो. चौथीतल्या शिष्यवृत्तीधारकाने आयुष्यभर चमकावे असा काही नियम नाही. पण मापातल्या चुकीने सगळीच मुले थोडीथोडी खाली येतील. ती चूक घराच्या उत्पन्नाकडे पाहून निवड करणार नाही. अमेरिकेत राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेटंट घेणाऱ्या संशोधकांची नोंद त्यांच्या शालेय गुणांशी जोडून पाहिली. तिसरीत गणितात सारखेच अव्वल असलेल्या मुलांपैकी श्रीमंत घरांतली मुले पुढे संशोधक होण्याचे प्रमाण गरीब घरांतल्यांपेक्षा कितीतरी जास्त होते. हा फरक केवळ मापाच्या चुकीतून येत नाही. तो वाटेत काय मिळाले यातून येतो.

दुसरा आक्षेप आपल्या मनात खोल रुजलेला आहे: खरी प्रतिभा कुणी अडवू शकत नाही, रामानुजनला कोणी शिकवले? रामानुजनचे उदाहरण नीट पाहिले तर ते उलट बाजूने बोलते. १९०४ साली कुंभकोणमच्या सरकारी महाविद्यालयात त्याला शिष्यवृत्ती मिळाली आणि गणिताशिवायच्या विषयांकडे दुर्लक्ष केल्याने ती गेली. पुढे मद्रासच्या पचयप्पा महाविद्यालयातून तो एफ. ए.ची परीक्षा उत्तीर्ण होऊ शकला नाही. त्याच्या कागदोपत्री अपयशाचा शेवट कसा झाला हे आपण सांगतो, पण तो तगला कशावर हे सांगत नाही. शाळेत असतानाच त्याच्या हाती कार नावाच्या लेखकाचे एक पुस्तक पडले होते. त्यात हजारो सूत्रे होती आणि सिद्धता जवळपास नव्हत्या. प्रत्येक सूत्रापाशी त्याला स्वतः अडावे लागले आणि स्वतः वाट काढावी लागली. शाळेने जे दिले नाही ते त्या पुस्तकाने दिले. सोबत मात्र फार उशिरा मिळाली. १९१३ च्या जानेवारीत त्याने इंग्रज गणितज्ञ हार्डींना पत्र लिहिले तेव्हा तो मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होता. १९२० साली, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तो गेला. ज्यांच्या हाती असे पुस्तक पडले नाही आणि ज्यांच्या पत्राला उत्तर आले नाही, त्यांची नावे आपल्याला ठाऊक असण्याचे कारणच नाही. एक वाचला यावरून कुणीच बुडत नाही असे अनुमान काढणे चूक आहे.

तिसरा आक्षेप न्यायाचा आहे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर. ग्रामीण भारतात पाचवीतल्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीचा उतारा धड वाचता येत नाही, हे ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या पाहण्या वर्षानुवर्षे सांगत आहेत. अशा वेळी शिक्षकाने हुशार मुलाकडे लक्ष द्यायचे का? वाचू न शकणाऱ्या मुलाचा हक्क पहिला, याबद्दल मला शंका नाही. पण हुशार मूल म्हणजे सुस्थितीतले मूल हे गृहीतक या आक्षेपात दडले आहे. सुस्थितीतल्या मुलाला शाळेने दुर्लक्षिले तरी क्लास आहे, ऑलिम्पियाडची पुस्तके आहेत, इंजिनिअर मामा आहे. शाळेच्या दुर्लक्षाची पूर्ण किंमत भरतो तो शेतमजुराचा मुलगा आणि घरकाम करणाऱ्या बाईंची मुलगी. ही मुले पुढे आहेत हे दिसतच नाही, कारण दिसण्यासाठी लागणारी भाषा, टापटीप आणि धीटपणा त्यांच्याजवळ नसतो. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत शिक्षक-पालकांच्या शिफारशीवर न विसंबता दुसरीतल्या सगळ्याच मुलांची चाचणी घेतली, तेव्हा विशेष वर्गांसाठी पात्र ठरलेल्यांत कृष्णवर्णीय, लॅटिन अमेरिकी वंशाच्या आणि गरीब मुलांचे प्रमाण ठळकपणे वाढले. मुले आधीही तिथेच होती, शिक्षकांच्या नजरेला ती पडत नव्हती. आपल्याकडे अनेक शाळा शिष्यवृत्ती परीक्षेला ‘बसण्यालायक’ मुलेच बसवतात. तिथे हीच गाळणी लागते, आणि मुलींना ती जास्त जाचते. मुलगी शांत बसली, वही नीटनेटकी ठेवली की शिक्षक समाधानी होतात, तिला आणखी काय देता येईल हा प्रश्न मनात येत नाही.

मग वेगळ्या शाळा काढाव्यात का? महाराष्ट्राने तेही करून पाहिले आहे. पुण्यात १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञानप्रबोधिनी स्थापन केली आणि १९६९ साली तिची प्रशाला सुरू झाली. ग्रामीण गुणवंतांसाठी सरकारने विद्यानिकेतने काढली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून नवोदय विद्यालये आली. या संस्थांनी पुष्कळ मुलांचे आयुष्य बदलले, त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण एका नवोदय विद्यालयात सहावीला साधारण ८० मुले घेतात, आणि ती एका अख्ख्या जिल्ह्यासाठी. उरलेली सगळी आपापल्या शाळेतच असतात. त्या शाळांचे नेहमीचे उत्तर म्हणजे ‘अ’ तुकडी. २०१६ साली अमेरिकी संशोधकांनी शंभर वर्षांतल्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला, त्यात नुसत्या वेगळ्या तुकड्या केल्याने फायदा जवळपास शून्य आढळला. तेच पुस्तक, तीच गती आणि तीच परीक्षा असेल तर तुकडीचे अक्षर बदलून काय होणार? स्पष्ट फायदा दिसला तो वर्गातल्या वर्गात गट करून वेगळे काम देण्यात, एखाद्या विषयापुरते मुलाला वरच्या इयत्तेसोबत बसवण्यात आणि मुलाला पुढच्या इयत्तेत लवकर नेण्यात. लवकर पुढे नेले तर मूल एकाकी पडेल ही भीती स्वाभाविक आहे, पण पुराव्यापुढे ती टिकत नाही. ऑस्ट्रेलियात मिराका ग्रॉस यांनी अतिशय उच्च बुद्ध्यंकाच्या ६० मुलांचा दोन दशके मागोवा घेतला. पुष्कळ पुढे नेलेल्या मुलांची मैत्री आणि शिक्षण दोन्ही चांगले झाले, आणि वयाच्या वर्गातच ठेवलेल्यांपैकी काहींनी शिक्षण अर्ध्यावर सोडले. ही मुले विरळा प्रकारची होती, म्हणून वर्ग गाळण्याचा सल्ला मी सरसकट देणार नाही. एका विषयापुरते वरच्या वर्गात बसवणे मात्र कोणत्याही शाळेला आजही जमण्यासारखे आहे.

धोरणाच्या पातळीवर पाहिले तर, १९६३ साली सुरू झालेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर थांबलेली आहे. तिच्या प्रश्नपत्रिकेत गाईडाबाहेरचे प्रश्न असत, एवढ्यासाठीही ती पुन्हा सुरू व्हायला हवी. २०२० च्या शैक्षणिक धोरणात विशेष रुची असलेल्या मुलांना जादा साहित्य द्यावे, विषयवार मंडळे चालवावीत असे म्हटले आहे. ते कागदावरून वर्गात आणण्याचे काम शिक्षकांनाच करायचे आहे आणि त्यांच्यावर आधीच अशैक्षणिक कामांचा डोंगर आहे, हे मी जाणतो. म्हणून मागणी लहान ठेवतो. सभागृहात जे शिक्षक आहेत त्यांनी आठवड्यातून एकदा आपल्या वर्गाला असा एक प्रश्न द्यावा, ज्यावर वर्गातले सर्वांत चलाख मूलही अडेल. त्याला गुण देऊ नयेत, उत्तर त्याच दिवशी सांगू नये, आणि आठवडाभर जो विचारायला येईल त्याला दहा मिनिटे द्यावीत. मुख्याध्यापकांनी निदान गणिताचा तास दोन लागोपाठच्या इयत्तांना एकाच वेळी ठेवावा, म्हणजे सहावीतल्या मुलाला सातवीत बसता येईल. आणि पालकांनो, मूल पहिल्यांदा अडून बसेल तेव्हा घाबरून क्लास लावू नका आणि उत्तरही सांगू नका. त्या संध्याकाळी त्याच्या शेजारी बसा आणि त्याने आतापर्यंत काय काय करून पाहिले ते त्याला विचारा.